पोर्टलचं चावडी वाचन कोण करणार?

2017 च्या उन्हाळ्यात आमच्या गावात सातबाऱ्याचं चावडी वाचन झालं. तलाठ्यांनी संगणकातून काढलेल्या प्रिंटचा गठ्ठा आणला आणि एकेक गट नंबर, खातेदाराचं नाव, क्षेत्र मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पारावर मराठा होते, धनगर होते, मुसलमान होते, मातंग होते. मध्येच एक म्हातारा उठला आणि म्हणाला, “साहेब, माझ्या चुलत्याचं नाव कुठं गेलं?” हस्तलिखित सातबारा काढला. नाव होतं. संगणकात उतरवताना गळलं होतं. तलाठ्यांनी लाल पेनानं खूण केली आणि पुढचा गट वाचायला घेतला.

त्या दिवशी कुणाला त्यात काही मोठं वाटलं नाही. उलट ‘सरकारला आता उद्योग नाही’ असं म्हणत अर्धे लोक दुपारी घरी गेले. आज मागे वळून पाहिलं तर वाटतं, सरकारी कारभार कागदावरून संगणकावर नेण्याच्या सगळ्या प्रयोगांत इतकं शहाणपणाचं काम दुसरं झालं नसेल. महाराष्ट्रात सातबारे सुमारे अडीच कोटी. त्यांचं घर बदलायचं होतं. सामान हलवलं, ते नीट पोहोचलं का हे मालकाला विचारलं, चुका दुरुस्त करायची सोय ठेवली आणि तोवर जुनं दप्तर बाजूला हाताशी ठेवलं. पुढे सप्टेंबर 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुनाही बदलला. गावाचा कोड आला, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली, लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्र वेगळं दिसू लागलं, कमी झालेल्या खातेदाराच्या नावावर आडवी रेघ आली. पण वर नमुना सात, खाली नमुना बारा ही मांडणी तशीच राहिली. चौथी शिकलेला शेतकरीसुद्धा नवा उतारा हातात घेऊन आपलं नाव कुठं शोधायचं हे विसरला नाही.

सातबाऱ्यात चुका उरल्या नाहीत असं मी म्हणत नाही. तहसीलच्या पायऱ्या झिजवणारे आजही आहेत. पण पद्धत बरोबर होती. हे आठवायचं कारण, आठ वर्षांनी याच देशात दुसरं एक दप्तर एका पोर्टलवरून दुसऱ्या पोर्टलवर नेलं गेलं आणि तिथं या पद्धतीचं नेमकं उलटं झालं. मी वक्फच्या ‘उमीद’ पोर्टलबद्दल बोलतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण हा ब्लॉग वाचणाऱ्या बिगरमुस्लिम मित्रांना वक्फ हा शब्द फक्त टीव्हीवरच्या आरडाओरडीतून माहीत आहे. एखाद्यानं आपली मालमत्ता मशीद, दर्गाह, कब्रस्तान, मदरसा किंवा गोरगरिबांसाठी कायमची देऊन टाकली की ती वक्फ. तिची देखभाल करणारा मुतवल्ली. तो मालक नसतो, राखणदार असतो. 1995 च्या कायद्यानं या मालमत्तांची नोंदणी वक्फ बोर्डाकडे आधीच सक्तीची होती. पुढे केंद्र सरकारनं ‘वामसी’ नावाची संगणकीय यंत्रणा उभी केली आणि राज्याराज्यांच्या वक्फ बोर्डांनी त्यात नोंदी भरल्या. सरकारच्याच आकड्यानुसार तिथं 8 लाख 72 हजार मालमत्ता नोंदल्या होत्या, 38 लाख एकरांहून अधिक.

एप्रिल 2025 मध्ये वक्फ दुरुस्ती कायदा आला. मे महिन्यात वामसी बंद झालं. 6 जून 2025 ला उमीद सुरू झालं. आधीच नोंदणी असलेल्या प्रत्येक वक्फचा तपशील सहा महिन्यांत नव्या पोर्टलवर भरायचा, असा हुकूम निघाला. म्हणजे जुनं घर आधी पाडलं, भाडेकरूंना रस्त्यावर उभं केलं आणि मग सांगितलं, नवं घर तयार आहे, पण सामान तुमचं तुम्ही आणा, यादी नव्यानं करा आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुलूप लागेल.

कायदा चांगला की वाईट हा वाद वेगळा. त्यावर मी याआधी लिहिलंय, सर्वोच्च न्यायालयातही तो सुरू आहे. 15 सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशात न्यायालयानं काही कलमं रोखली, नोंदणीची अट मात्र कायम ठेवली. क्षणभर धरून चाला की कायदा अगदी निर्दोष आहे. तरीही माझा प्रश्न उरतोच. लाखो नोंदी असलेली, वर्षानुवर्षं वापरात असलेली यंत्रणा बदलायची ही पद्धत आहे का?

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या मशिदीचे मुतवल्ली डोळ्यांसमोर आणा. भूम, परंडा, कळंब, उमरगा, तालुका कुठलाही घ्या. वय पासष्ट-सत्तर. घरात लोखंडी पेटीत कापडात बांधलेला कागदांचा बस्ता. त्यात निजामाच्या काळातला मुंतखब, उर्दूत, घड्यांवर फाटलेला. एखादी खासरा पाहणीची नक्कल. खिदमतमाश म्हणून नोंद असलेला सातबारा. शेतसाऱ्याच्या पावत्या. बोर्डाच्या राजपत्राची झेरॉक्स, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. कागदावर जिल्हा उस्मानाबाद, आता जिल्हा धाराशिव. जुन्या कागदावर सर्व्हे नंबर, सातबाऱ्यावर गट नंबर. बापाच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक, बोर्डाच्या रजिस्टरात दुसरं.

नवा कायदा त्यांना विचारतो: मालमत्तेच्या चतुःसीमा सांगा. वक्फ करणाऱ्याचं नाव सांगा. कधी आणि कोणत्या पद्धतीनं केला ते सांगा. वक्फनामा असेल तर जोडा. वर्षाचं उत्पन्न किती, कर किती, कोर्टात काय चालू आहे तेही सांगा. प्रश्न चुकीचे नाहीत. त्यातले बरेचसे मुतवल्लीला याआधीच विचारायला हवे होते. पण यातल्या किती गोष्टी सरकारच्या दप्तरात आधीच आहेत? सातबारा महसूल खात्याचा. राजपत्र सरकारचं. सर्वेक्षण सरकारी आयुक्तानं केलेलं. नोंद बोर्डाच्या रजिस्टरात. आणि वामसीवर भरलेली माहितीही सरकारच्याच संगणकात. जे आपल्याकडे आहे ते आधी भरून द्यायचं आणि ‘हे बरोबर आहे का, नसेल तर दुरुस्त करा’ असं विचारायचं, हे चावडी वाचन झालं असतं. इथं कोरा फॉर्म समोर ठेवला.

सरकारची बाजूही मांडायला हवी. वामसीवरची माहिती कच्ची होती, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पावणेनऊ लाख नोंदींपैकी मालकी हक्काचे कागद जेमतेम 9,279 नोंदींना जोडलेले होते आणि वक्फनामे 1,083. असं दप्तर जसंच्या तसं उचलून नव्या जागी ठेवलं असतं तर घाणही सोबत आली असती. मान्य. पण हस्तलिखित सातबारा तरी काय धुतल्या तांदळासारखा होता? त्यातही खाडाखोड होती, मयत खातेदार होते, बेरीज न जुळणारी क्षेत्रं होती. म्हणून कुणी शेतकऱ्याला असं म्हटलं नाही की आजपासून जुने सगळे सातबारे बंद, सहा महिन्यांत प्रत्येकानं आपला सातबारा स्वतः टाइप करावा. तसं म्हटलं असतं तर मंत्रालय जागेवर राहिलं नसतं.

मुदत संपली तेव्हाचे आकडे अल्पसंख्याक मंत्रालयानंच दिले. पोर्टलवर 5,17,040 मालमत्तांची प्रक्रिया सुरू झाली होती. त्यातल्या मंजूर 2,16,905. भरून झालेल्या पण मंजुरीच्या प्रतीक्षेत 2,13,941. पडताळणीत नाकारलेल्या 10,869. बेरीज-वजाबाकी तुम्हीही करा. सुमारे 75 हजार नोंदी अर्ध्यावर लटकलेल्या. वामसीच्या आकड्याशी ताडून पाहिलं तर साडेतीन लाख मालमत्तांची सुरुवातच नाही. मंजुरीपर्यंत पोहोचल्या त्या चारातली एक. या पोर्टलवर भरणारा एक, तपासणारा दुसरा, मंजूर करणारा तिसरा, अशी तीन टप्प्यांची रचना आहे. पहिल्यानं रात्र जागून काम संपवलं तरी पुढचे दोन त्याच्या हातात नाहीत. एखाद्या दुकानानं नवं काउंटर उघडलं आणि चार गिऱ्हाइकांपैकी एकाच्या हातात माल पडला, तर दुकानदार गिऱ्हाइकाला आळशी म्हणेल का?

आपल्याकडे मात्र तेच म्हटलं गेलं. ‘सहा महिने होते, झोपले होते का?’

या प्रश्नाला उत्तर देण्याआधी दुसरं एक पोर्टल आठवा. 7 जून 2021. प्राप्तिकर खात्याचं नवं संकेतस्थळ सुरू झालं. पहिल्याच दिवसापासून ते कोलमडू लागलं. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ट्विटरवर इन्फोसिस आणि नंदन नीलेकणी यांना जाब विचारायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये सलग दोन दिवस संकेतस्थळ उघडेना, तेव्हा इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना मंत्रालयात बोलावून घेतलं. दोष दूर करायला 15 सप्टेंबरची तारीख ठरली. आणि विवरणपत्र भरायची मुदत? ती 30 सप्टेंबरवरून 31 डिसेंबरवर गेली. सरसकट, सगळ्यांसाठी, अर्ज न करता. त्या वेळी कुणी पगारदार माणसाला विचारलं नाही की एप्रिलपासून झोपला होतास का.

योग्यच झालं. यंत्रणा सरकारनं बदलली, ती चालली नाही, तर भुर्दंड नागरिकानं का सोसायचा? हेच तत्त्व चार वर्षांनी वक्फसाठी का चाललं नाही? तिथं मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं मुदतवाढ मागितली, पोर्टल चालत नसल्याच्या तक्रारी घेऊन लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. 1 डिसेंबर 2025 ला न्यायालयानं सांगितलं की मुदतवाढीचा अधिकार कायद्यानं वक्फ न्यायाधिकरणाला दिलाय, तिथं जा. मंत्री किरेन रिजिजू यांनी तीन महिने कडक कारवाई करणार नाही असा दिलासा दिला. चांगलं केलं. पण मुदत हलली नाही. ज्याला हवी त्यानं कारण दाखवून स्वतंत्र अर्ज करायचा. नगरपालिकेची मुख्य पाइपलाइन फुटावी आणि प्रत्येक घराला सांगावं की पाणी का भरता आलं नाही याचं प्रतिज्ञापत्र कोर्टात द्या, असा हा न्याय. धाराशिवच्या मुतवल्लीसाठी वक्फ बोर्डाचं मुख्यालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. एसटीनं जाऊन-येऊन एक दिवस आणि एक रात्र. वकिलाची फी वेगळी. गावच्या मशिदीच्या नावावरच्या तीन-चार एकर कोरडवाहू जमिनीचं वर्षाचं उत्पन्न त्यात निघून जाईल.

इथं कुणी म्हणेल, ‘तुम्ही प्रत्येक गोष्टीत मुसलमानांवरचा अन्याय शोधता.’ म्हणून मुद्दाम दुसरं उदाहरण देतो. लाडक्या बहिणींची ई-केवायसी. सप्टेंबर 2025 मध्ये ती सुरू झाली तेव्हा स्वतःच्या आधारसोबत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्याचा ओटीपी मागितला जाऊ लागला. ज्या बाईचा नवरा वारला आणि बापही हयात नाही तिनं काय करायचं? तलाकशुदा बाईनं कुणाच्या दारात जाऊन ओटीपी मागायचा? फॉर्म तयार करणाऱ्याच्या मनात अशी बाई आलीच नव्हती. ओरड झाली, मग त्यांच्यासाठी वेगळी सोय केली, मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. शेतकऱ्यांच्या ई-पीक पाहणीचंही तेच. 15 ऑगस्ट 2021 पासून ती राज्यभर सुरू झाली आणि तेव्हापासून ॲपची आवृत्ती बदलतेच आहे. मागच्या हंगामात मुलानं शिकवलेलं या हंगामात बापाच्या उपयोगाला येत नाही. सोयाबीनच्या रानात, जिथं मोबाइलला एक काडी रेंज, तिथं उभं राहून नवं ॲप उतरवायचं.

म्हणजे रोग एकच आहे. पोर्टल बदलणारा माणूस वातानुकूलित खोलीत बसून नवा चेहरा आखतो आणि ज्यानं जुना चेहरा कष्टानं ओळखीचा केला त्याला विचारत नाही. मुसलमान, बाया, कोरडवाहू शेतकरी, सगळेच त्यात भरडतात. फरक पुढे पडतो. आरडाओरडा कुणाचा ऐकला जातो, मुदत कुणासाठी सरसकट वाढते आणि कुणाला ‘कोर्टात जा’ म्हटलं जातं, यात तो दिसतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक मान्य केली म्हणून दुसरी नाकारायची गरज नाही.

बदल करूच नये असं माझं म्हणणं नाही. विकिपीडियाचं पाहा. जगभर वापरलं जाणारं हे संकेतस्थळ. त्याचा संगणकावरचा चेहरा बदलायचा होता. 2020 पासून त्यांनी फ्रेंचसारख्या काही भाषांच्या आवृत्त्यांवर बदल थोडे-थोडे आणून पाहिले, तक्रारी ऐकल्या, दुरुस्त्या केल्या. सगळ्यात मोठ्या इंग्रजी आवृत्तीवर नवं रूप आलं ते जानेवारी 2023 मध्ये. तरीही लोक चिडले. पण ज्याला नको होतं त्या नोंदणीकृत सदस्याला जुना चेहरा ठेवायची मुभा राहिली, ती आजही आहे. तिथं कुणाची जमीन पणाला नव्हती, फक्त वाचायची सवय होती. सवयीसाठी तीन वर्षं दिली जातात आणि शेकडो वर्षांच्या मालमत्तेसाठी सहा महिने.

आता थोडं आपल्या घरातलं. ते टाळलं तर हा लेख लबाडीचा होईल.

वामसीवर कागद जोडलेले नव्हते ते का? कारण बऱ्याच मुतवल्लींनी ते कधी दिलेच नाहीत. का दिले नाहीत? कारण काहींकडे खरंच नव्हते आणि काहींना ते बाहेर यायला नको होते. इनामाची जमीन बापाकडून मुलाकडे वारसानं आल्यासारखी वापरायची, दर्गाहच्या गल्ल्याचा हिशेब कुणाला दाखवायचा नाही, कब्रस्तानाच्या कडेची जागा शंभर रुपयांच्या बाँडवर विकून टाकायची, हे आपल्या डोळ्यांदेखत झालंय. आणि जमात गप्प बसली. जुम्म्याच्या नमाजला येणाऱ्या दोनशे माणसांपैकी किती जणांनी आपल्या मशिदीचा सातबारा पाहिलाय? उरुसात कव्वाली कुणाची ठेवायची यावर आपण रात्र-रात्र भांडतो, गट नंबर कुणाला पाठ नसतो. वक्फ बोर्डही काही आभाळातून पडलेलं नाही. अपुरे कर्मचारी, वर्षानुवर्षं धूळ खाणाऱ्या फायली, तिथंही आपलेच लोक होते.

पण माझ्या घरात पसारा आहे म्हणून तुम्ही माझं घर बुलडोझरनं नीट करणार असाल, तर ते आवरणं नव्हे. आणि इथं आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या मुतवल्लीला लपवायचं होतं, त्याच्यासाठी हे पोर्टल वरदान ठरलं. नोंद झाली नाही तर ‘सर्व्हर चालत नव्हता’ म्हणायची सोय झाली. मारला गेला तो प्रामाणिक म्हातारा, ज्यानं बस्ता चाळीस वर्षं सांभाळला आणि ज्याला पासवर्ड सांभाळता आला नाही.

याचा फटका एकट्या मुसलमानांना बसेल असंही समजू नका. धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाला कोण येतं, हे या शहरात कुणाला सांगायला नको. मराठवाड्यात इनामी जमिनी कसणाऱ्यांत हिंदूही आहेत, मुसलमानही. नोंद अर्धवट राहिली, चुकीचा गट नंबर चढला, क्षेत्रात एक शून्य जास्त पडलं, तर उद्या नोटीस शेजारच्या शेतकऱ्याच्या दारात जाईल. आणि मग टीव्हीवर मथळा येईल, ‘वक्फनं शेतकऱ्याची जमीन बळकावली.’ घाईनं भरलेल्या फॉर्ममधली टायपिंगची चूक गावात दंगलीचं कारण ठरू शकते. सातबाऱ्याच्या वेळी ही भीती चावडीवर बसून निकालात काढली होती. इथं कुणी काढली?

म्हणून मागणी साधी आहे आणि ती वक्फपुरती नाही. सामान्य माणसाचा हक्क ज्या पोर्टलवर अवलंबून आहे, ते बदलताना जुनं किमान वर्षभर सोबत चालू ठेवा. जुन्यातली माहिती नव्यात सरकारनंच भरून द्यावी, नागरिकानं फक्त तपासावी. मुदत जाहीर करण्याआधी दोन-चार तालुक्यांत खऱ्या माणसांच्या खऱ्या कागदांवर ते चालवून पाहावं. परंड्याचा मुतवल्ली, लोहाऱ्याची विधवा, वाशीचा शेतकरी यांना शेजारी बसवून, ते कुठं अडतात ते पाहावं. आणि पोर्टल बंद पडेल तितके दिवस मुदत आपोआप पुढे जावी. प्राप्तिकर भरणाऱ्यासाठी जे झालं तेच सगळ्यांसाठी व्हावं, यात सवलत कसली?

सरकार हे करेल तेव्हा करेल. आपल्या हातात एक काम आहे. तुमच्या गावच्या मशिदीची, दर्गाहची, कब्रस्तानाची नोंद पोर्टलवर मंजूर झाली असेल तर तिची प्रिंट काढा. प्रक्रिया अडकली असेल तर कुठं अडकली ते लेखी मागा. मग सातबारा आणि ती प्रिंट शेजारी-शेजारी ठेवून जुम्म्याच्या नमाजनंतर जमातीसमोर मोठ्यानं वाचा. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, मुतवल्लीचं नाव, वर्षाचं उत्पन्न. त्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्यालाही बोलवा, तो कुठल्या का जातीचा असेना, त्याचा बांध आपल्या बांधाला लागून आहे. कुणीतरी म्हातारा उठेल आणि म्हणेल की हे चुकलंय. त्याला खाली बसवू नका. लाल पेन बरोबर ठेवा.